यादी आणि वस्तु : संगणकीय सूचनाफलकावरील एक तपासनीस

कोल्हापुरांतील करवीर नगर वाचन मंदिर ही संस्था १८५० सालीं स्थापन झाली. इतक्या जुन्या ग्रंथालयांतून ज्यांनीं आयुष्यभर पुस्तकें नेलीं-आणलीं, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. ती ही कीं, ग्रंथालयाचें भांडवल म्हणजे जितकीं पुस्तकें तितकीच पुस्तकांची यादी. कोणत्याहि ग्रंथालयांत यादींत नांव आहे पण फळीवर पुस्तक नाहीं असें झालें, म्हणजे वाचक हात हलवीत परत जातो. उलट, फळीवर पुस्तक आहे पण यादींत त्याचा उल्लेख नाहीं असें झालें, तर तें पुस्तक असून नसल्यासारखेंच होतें. म्हणून वेळोवेळीं ग्रंथालयाची मोजदाद करावी लागते. एक जण यादी वाचतो, दुसरा फळीवर बोट ठेवून ‘आहे’, ‘नाहीं’ असें सांगतो आणि तिसरा खुणा करीत जातो. काम कंटाळवाणें खरें. परंतु तें टाळलें तर कांहीं वर्षांनीं यादी एक सांगते आणि फळी दुसरेंच सांगते.

संगणकाच्या एका, आतां जवळजवळ लोप पावलेल्या, जगांत हीच मोजदाद एका लहानशा प्रोग्रॅमकडे सोंपविलेली असे. त्या जगाचें नांव ‘बुलेटिन बोर्ड’ म्हणजे संगणकीय सूचनाफलक. आणि त्या प्रोग्रॅमचें काम एवढेंच कीं, फलकावर टांगलेली फाइलींची यादी व प्रत्यक्ष तबकडीवर असलेल्या फाइली यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहणें. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु यादीवर विश्वास ठेवून पैसे व वेळ खर्चणारा माणूस या विषयाच्या मुळाशीं आहे, आणि तो माणूस आजहि आपल्यांत आहे.

प्रथम सूचनाफलक म्हणजे काय तें पाहूं. १९७८ सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील शिकागो शहरीं मोठें हिमवादळ झालें आणि लोक घरांत अडकून पडले. त्या सक्तीच्या सुटींत वॉर्ड ख्रिस्टेन्सन व रँडी स्यूस या दोन मित्रांना अशी कल्पना सुचली कीं, मंडळाच्या सूचना लांकडी फळीवर चिकटविण्याऐवजीं संगणकांत ठेवाव्या व सभासदांनीं टेलिफोन करून त्या वाचाव्या. त्याच वर्षीं १६ फेब्रुवारीस त्यांचा फलक सुरू झाला. टेलिफोनची तार मनुष्याच्या आवाजासाठीं केलेली. संगणकाचे अंक तींतून जाण्यासाठीं त्यांचें स्वरांत रूपांतर करावें लागे. हें काम करणाऱ्या यंत्राला मॉडेम म्हणतात. फलकाचा संगणक घरच्या टेलिफोनला जोडून ठेविलेला असे. बाहेरच्या माणसानें नंबर फिरविला कीं दोन्हीकडचीं मॉडेम एकमेकांशीं कर्कश आवाजांत बोलूं लागत आणि पडद्यावर अक्षरें उमटत. टेलिफोनची तार एकच असेल तर एका वेळीं एकच पाहुणा; दुसऱ्याला ‘लाइन गुंतली आहे’ एवढेंच ऐकूं येई.

पुढें १९८४ सालीं टॉम जेनिंग्ज यांनीं ‘फिडोनेट’ ही योजना काढली. तिच्यामुळें ठिकठिकाणचे फलक रात्रीं एकमेकांस टेलिफोन करून पत्रें व फाइली पोंचवूं लागले. ही लाट हिंदुस्थानांतहि आली. कोल्हापूरच्या शेजारीं असलेल्या बेळगांवांत, गोगटे इन्स्टिट्यूटमध्यें ज्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण झालें, त्या अतुल चिटणीस (१९६२-२०१३) यांनीं १९८९ सालीं बेंगळूरांत ‘सीआयएक्स’ नांवाचा फलक सुरू केला. देशांतील अगदीं आरंभींच्या फलकांत त्याची गणना होते. पुढें मुंबईंतहि ‘लाइव्ह वायर’सारखे फलक चालूं झाले. सर्वसाधारण लोकांसाठीं इंटरनेट या देशांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें. तत्पूर्वीं घरांत बसून दूरच्या संगणकावरून कांहीं आणावयाचें तर हाच एक सुलभ मार्ग होता.

आतां समजा, त्या काळीं कोल्हापुरांत राजारामपुरींत राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यानें मुंबईच्या फलकाशीं संबंध जोडला. गांवांतल्या गांवांत बोलण्याची गोष्ट निराळी. मुंबईस लावलेला एस. टी. डी. कॉल मात्र दर ठराविक सेकंदांना मीटर पुढें ढकलीत असे. रात्रीं उशिरां दर उतरत, म्हणून तो वडिलांच्या परवानगीनें रात्रीं जागून नंबर फिरवी. यादींत त्याला हवा असलेला मराठी अक्षरांचा एखादा प्रोग्रॅम दिसला. आकार तीन लक्ष अक्षरें. त्या वेळीं प्रचारांत असलेलें एक मॉडेम सेकंदास २४०० बिट पाठवी. एका अक्षरास, त्याच्या आरंभाची व शेवटाची खूण धरून, १० बिट लागत. म्हणजे सेकंदाला २४० अक्षरें. तीन लक्षांना २४० नीं भागिलें असतां १२५० सेकंद येतात. म्हणजे वीस मिनिटांहून अधिक काळ परगांवचा टेलिफोन चालूं ठेवावयाचा. एवढें करून शेवटीं ‘फाइल सांपडत नाहीं’ असें उत्तर आलें, किंवा फाइल आली पण ती अर्धवट निघाली, तर टेलिफोनचें बिल कांहीं माफ होत नसे. यादीच्या एका खोट्या ओळीची किंमत अशी रोख मोजावी लागे. आणि ती मोजणारा बहुधा अशा घरचा असे, जेथें महिन्याचा हिशेब वहींत लिहिला जात होता.

यादी खोटी कां होते? कोणी मुद्दाम खोटें लिहितो म्हणून क्वचितच. फलकाचा चालक, ज्याला त्या मंडळींत ‘सिसॉप’ म्हणत, तो बहुतेक हौशी गृहस्थ असे. दिवसा नोकरी व रात्रीं फलक. पुष्कळ फलकांवर यादी ही एक साधी लिहिलेली फाइल असे. डावीकडे फाइलीचें नांव, उजवीकडे एका ओळींत तिचें वर्णन. तबकडीवरची फाइल ही एक वस्तु, आणि यादींतील ओळ ही दुसरी वस्तु. दोहोंना बांधणारा दोरा केवळ चालकाच्या लक्षाचा. जागा कमी पडली म्हणून त्यानें जुनी फाइल पुसली व ओळ खोडावयाची राहिली. एखाद्या सभासदानें फाइल पाठविली, पण वर्णन लिहिण्यापूर्वींच लाइन तुटली. फाइल एका विभागांतून दुसऱ्यांत हलविली व ओळ जुन्याच जागीं राहिली. त्या वेळच्या संगणकांत नांवासाठीं आठ अक्षरें व शेपटीसाठीं तीन एवढीच मुभा असल्यामुळें दोन निराळ्या फाइलींचें नांव एक निघे, किंवा एकच फाइल दोन नांवांनीं नांदे. अशा रीतीनें कोणाच्याहि दुष्टाव्याशिवाय यादी हळूहळू वस्तुस्थितीपासून दूर सरकते.

येथें तपासनीस प्रोग्रॅमचें काम सुरू होतें. त्याची रीत समजण्यासाठीं शाहूपुरींतील गुळाच्या एखाद्या वखारीचें उदाहरण घ्यावें. ही पेठ शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविली. वखारींत पांच हजार रवे आहेत व प्रत्येकावर खुणेचें नांव आहे; वहींतहि पांच हजार नोंदी आहेत. वहींतील एक नांव घेऊन सगळी वखार धुंडाळावयाची, मग दुसरें घेऊन पुन्हां तसेंच, ही रीत धरली तर तुलना अडीच कोटींपर्यंत जातील. शहाणा दिवाणजी तसें करीत नाहीं. तो वहींतील नांवें अक्षरानुक्रमें लावतो, रवेहि त्याच क्रमानें मांडतो, आणि दोन्हींच्या डोक्यावर एकेक बोट ठेवतो. दोन्ही बोटांखालीं नांव एकच असेल तर दोन्ही बोटें एक पायरी खालीं येतात. वहींतील नांव क्रमानें आधींचें असेल, तर त्या नांवाचा रवा वखारींत नाहीं हें निश्चित झालें. फक्त वहीवरचें बोट पुढें जातें. रव्यावरचें नांव आधींचें असेल, तर त्याची नोंद वहींत नाहीं. मग फक्त दुसरें बोट पुढें जातें. नांवें एकदां क्रमानें लागलीं कीं फार तर दहा हजार पावलांत सर्व काम उरकतें. तपासनीस प्रोग्रॅम नेमकें हेंच करतो. शेवटीं तो दोन फर्दा देतो. पहिलींत ‘यादींत आहे, तबकडीवर नाहीं’ अशीं नांवें असतात आणि दुसरींत ‘तबकडीवर आहे, यादींत नाहीं’ अशीं. दुसऱ्या वर्गांतील फाइलींना चालक मंडळी ‘अनाथ’ म्हणत, आणि त्यांना यादींत जागा देणें याला ‘दत्तक घेणें’. संगणकाच्या रूक्ष व्यवहारांतहि मनुष्यानें आपलेच शब्द नेले, हें पाहण्यासारखें आहे.

परंतु नांव जुळलें म्हणजे वस्तु जुळली असें नव्हे. रव्यावर चिठ्ठी बरोबर आहे, पण आंतला गूळ उंदरांनीं पोखरला असला तर? म्हणून तपासनीस दुसरी पायरी चढतो व आकार पाहतो. यादींत तीन लक्ष अक्षरें लिहिलीं आहेत व तबकडीवर दोनच लक्ष असतील, तर फाइल अर्धवट आहे हें उघड झालें. आकारहि जुळला आणि मधलें एखादें अक्षरच बदललें, तर मात्र तिसरी पायरी लागते. ती समजण्यास जुन्या पंतोजींच्या शाळेंतील ‘नवाचा ताळा’ आठवावा.

२३१ ला १४ नें गुणिलें असतां ३२३४ येतात. उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें पुन्हां गुणाकार न करतां पाहावयाचें. २३१ च्या अंकांची बेरीज ६; १४ च्या अंकांची ५. सहा पंचे तीस. तिसाचे अंक मिळवून ३. इकडे ३२३४ च्या अंकांची बेरीज १२, म्हणजे पुन्हां ३. ताळा जुळला. परंतु घाईनें मुलानें ३३२४ असें उत्तर लिहिलें तर? त्याचीहि बेरीज १२ च. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाहीं.

टेलिफोनवरून फाइली पाठविण्याची एक रीत ख्रिस्टेन्सन यांनीं १९७७ सालीं बसविली होती. तींत फाइलीचे १२८ अक्षरांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याबरोबर त्यांतील अक्षरांच्या मूल्यांची बेरीज पाठवीत. बेरीज न जुळल्यास तो तुकडा पुन्हां मागवावयाचा. ही बेरीज म्हणजे नवाच्या ताळ्याचेंच भावंड. आणि तिचा दोषहि तोच. अक्षरें जागच्या जागीं बदललीं तर ती बहुधा ओरडे, पण दोन अक्षरांनीं आपसांत जागा बदलल्या तर ती गप्प बसे. म्हणून पुढें बेरजेऐवजीं भागाकार आला. संपूर्ण फाइल ही एक अवाढव्य संख्या आहे असें समजून, हातचा न घेणाऱ्या एका विशेष रीतीनें तिला ठराविक भाजकानें भागावयाचें व उरलेली बाकी जपून ठेवावयाची. भागाकारांत प्रत्येक अंकाचें स्थान महत्त्वाचें असल्यामुळें अदलाबदलहि बाकींत प्रकट होते. या ताळ्याला ‘सीआरसी’ म्हणतात. त्याच्या ३२ बिटांच्या प्रकारांत बाकी सुमारें ४२९ कोटी निरनिराळ्या प्रकारांनीं येऊं शकते. म्हणजे सहजगत्या बिघडलेल्या फाइलीचा ताळा योगायोगानें जुळण्याचा संभव ४२९ कोटींत एक इतकाच राहतो.

१९८९ सालीं फिल काट्झ यांनीं ‘पीकेझिप’ हा गांठोडें बांधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याच्या गांठोड्यांत आंतील प्रत्येक फाइलीचा हा ताळा लिहिलेला असतो आणि सर्व वस्तूंची यादी गांठोड्याच्या अगदीं शेवटीं असते. यामुळें एक सोय आपोआप झाली. टेलिफोन मध्येंच तुटून गांठोडें अर्धवट आलें तर शेवटची यादीच येत नाहीं, आणि तपासनिसाला तें तत्काळ कळतें. पुढें अशीहि चाल पडली कीं, फाइलीचें थोडक्यांत वर्णन कर्त्यानेंच लिहून गांठोड्याच्या आंत ठेवावें. मग अनाथ फाइल सांपडली तरी तिच्या पदराला तिची ओळख बांधलेलीच असे, आणि प्रोग्रॅमला ती उघडून यादींत उतरवितां येई.

येथपर्यंत यंत्राची थोरवी झाली. आतां त्याच्या मर्यादेकडे वळूं. कारण खरा धोका तेथेंच आहे. मेळ बसत नाहीं हें सांगणें एक, आणि मेळ बसवून टाकणें दुसरें. कांहीं तपासनिसांना अशी मुभा देतां येई कीं, जी फाइल सांपडणार नाहीं तिची ओळ यादींतून आपणच काढून टाकावी. सोय मोठी आकर्षक. परंतु ज्या फलकाच्या फाइली सीडीच्या चकत्यांवर होत्या, तेथें एखाद्या रात्रीं चकती यंत्रांत घालावयाची राहून गेली असें समजा. तपासनीस नेमल्या वेळीं जागा झाला. एकहि फाइल त्याला दिसली नाहीं, आणि आज्ञेप्रमाणें त्यानें हजारों ओळी पुसून टाकल्या. सकाळीं चकती आंत गेली, फाइली होत्या तशाच होत्या. गेलीं तीं फक्त वर्णनें, जीं कोणीतरी महिनोन्महिने रात्रीं बसून लिहिलेलीं होतीं. वस्तु पुन्हां आणतां येते, पण वस्तूविषयीं माणसानें जमविलेलें ज्ञान एकदां पुसलें कीं पुन्हां आणणें कठीण. म्हणून जाणता चालक तपासनिसाला फर्द देण्यापुरताच अधिकार देई. खोडण्याचा हक्क स्वतःच्या हातीं ठेवी. आणि जुन्या यादीची एक प्रत बाजूस ठेवल्यावांचून नवी यादी चढवीत नसे. घरांतील जुनीं कागदपत्रें आवरतांना शहाणी माणसें याच नियमानें वागतात.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. ताळा अपघात ओळखतो. तो कपट ओळखीत नाहीं. १९९५ सालीं पीकेझिपची नवी आवृत्ति आहे असें भासविणारी एक बनावट फाइल फलकांवरून फिरली. यादींत तिचें नांव होतें, तबकडीवर ती हजर होती, अर्धवट नव्हती, फुटलेली नव्हती. तपासनिसाच्या दृष्टीनें सर्व कांहीं यथास्थित होतें. परंतु ती चालवितांच संगणकाची तबकडी पुसून टाकण्याचा उद्योग करी. वस्तु यादीप्रमाणें आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न यंत्राला विचारतां येतो. यादी करणारा खरा आहे कीं नाहीं, हा प्रश्न माणसानें माणसाविषयीं विचारावयाचा असतो. म्हणूनच फलकांच्या जगांत घातक फाइलींच्या याद्या निराळ्या फिरविल्या जात, आणि चांगले चालक अनोळखी फाइल स्वतः पारखल्याशिवाय सभासदांपुढें मांडीत नसत. फलकाची कीर्ति त्याच्या फाइलींच्या संख्येवर नव्हे, तर अशा दक्षतेवर उभी राही.

इंटरनेटच्या प्रसारानंतर सूचनाफलक एकामागून एक बंद पडले. मॉडेमचा तो कर्कश आवाज आतांच्या मुलांनीं ऐकलेलाहि नाहीं. परंतु तपासनीस मात्र नांव बदलून सर्वत्र वावरत आहे. लिनक्ससारखी मोठी प्रणाली आज कोणी उतरवून घेतो, तेव्हां तिच्याशेजारीं चौसष्ट अक्षरांचा एक ताळा दिलेला असतो. तो ‘शा-२५६’ या रीतीनें काढलेला असून, जुन्या भागाकारासारखा तो मुद्दाम जुळवून आणणें व्यवहारांत अशक्य मानलें जातें. अट एवढीच कीं, तो ताळा विश्वासाच्या जागेवरून घेतलेला असावा. आपल्या आधार क्रमांकाचे बारा अंक आहेत; त्यांतील शेवटचा हा ताळ्याचाच अंक होय. याकोबस व्हेर्होफ या डच गणितज्ञानें १९६९ सालीं दाखविलेल्या रीतीनें तो काढतात. लिहितांना कोणताहि एक अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर ती चूक या रीतीला हटकून सांपडते. पंतोजींच्या ताळ्याला जें दिसत नव्हतें तें याला दिसतें. तथापि येथेंहि तीच मर्यादा कायम आहे. अंक बरोबर लिहिला आहे एवढेंच ताळा सांगतो. पत्र घेऊन दाराशीं आलेला मनुष्य तोच आहे हें तो सांगत नाहीं.

प्रत्येक घरीं आज फोटोंचा, पत्रांचा, दाखल्यांचा सांठा संगणकांत किंवा टेलिफोनमध्यें असतो, आणि त्याची दुसरी प्रत कोठेंतरी ठेवलेली आहे अशी घरच्यांची समजूत असते. समजूत म्हणजेहि एक यादीच होय. ती वस्तूशीं वर्षांतून एकदां तरी ताडून पाहावी, दुसऱ्या प्रतींतील दोन-चार फाइली उघडून पाहाव्या, आणि मेळ न बसल्यास पुसण्याची घाई न करतां आधीं कारण शोधावें. दसऱ्याला घरांतील हत्यारें-पुस्तकें आपण काढून पुसून पूजेला मांडतोंच. त्याच दिवशीं हीहि मोजदाद उरकली तर निराळा मुहूर्त शोधावयास नको.